शंका आली की कळवायचं

श्रोतेहो, नमस्कार.

एखादं मूल अचानक गप्प होतं. शिकवणीला जायचं म्हटलं की रडतं, किंवा ठरावीक माणूस घरी आला की आईचा पदर सोडत नाही. शाळेतल्या बाईंच्या हे लक्षात येतं, शेजारच्या मावशींच्याही येतं. आणि दोघीही थांबतात. "खात्री झाल्याशिवाय कसं बोलायचं?" वकिली करताना हे वाक्य मी विडी कामगारांच्या वस्तीत ऐकलंय, आणि शाळांच्या मुख्याध्यापकांकडूनही ऐकलंय. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याची शंका कळवायला ही खात्री कायद्यानं तुमच्याकडे मागितलेलीच नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालचं मूल, मग ते मुलगा असो की मुलगी, त्याच्यावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कुणालाही कळलं, किंवा तसा घडेल अशी धास्ती वाटली, तरी त्यानं पोलिसांना कळवायचं, असं कलम १९ सांगतं. 'कुणालाही' यात शेजारी आले, काका-मामा आले, रिक्षावाले आले. कळवलं नाही तर कलम २१ नुसार ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. मूल स्वतः गप्प राहिलं, तर त्याला मात्र शिक्षा नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातलं प्रकरण आठवा. तिथल्या लैंगिक अत्याचार झालेल्या आदिवासी मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयानं त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं.

आपल्याकडे अडतं ते नात्यात. सोलापूरच्या पूर्वभागात आई-बाप दोघं कामावर, मूल ओळखीच्यांच्या घरी. त्रास देणारा बहुतेक वेळा त्याच ओळखीतला निघतो. मग चार वडीलधारी बसतात, "मुलीचं पुढं लग्न व्हायचंय, घरातलं घरात मिटवू" म्हणतात. या मिटवण्याला कायद्यात काडीचीही किंमत नाही. उलट बैठकीत ज्यांना ज्यांना गोष्ट कळली, त्या प्रत्येकावर कळवण्याची जबाबदारी येऊन पडते. आणि तो माणूस त्याच गल्लीत मोकळा फिरत राहतो, याचा मला फार राग येतो.

बालविवाहाचंही तसंच. पत्नी १८ वर्षांखालची असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे सोळा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात आली की डॉक्टरांना कळवावंच लागतं. या भीतीनं घरचे तिला दवाखान्यातच आणत नाहीत, आणि ते सगळ्यात धोक्याचं. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टर तिचं नाव उघड न करता पोलिसांना कळवू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या दुसऱ्या एका निकालात म्हटलं आहे. कागदपत्रांसाठी तातडीचे उपचार कुणी अडवू शकत नाही.

हरवलेल्या, टाकून दिलेल्या मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, स्टेशनवर किंवा पंढरीच्या वारीत असं एकटं मूल सापडलं, तर २४ तासांच्या आत पोलीस, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा बालकल्याण समितीला कळवायचं. दया आली म्हणून परस्पर घरी ठेवून घ्यायचं नाही. मूल घरातच उपाशी, मार खात असेल, तरी १०९८ लावा. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो.

फोनवर काय सांगायचं? काय पाहिलं, काय ऐकलं, मूल आत्ता कुठं आहे. बाकीचा तपास पोलीस करतील. मुलाला खोदून खोदून विचारू नका. ते आपणहून जे बोललं, ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर एक अक्षरही टाकू नका. पोलीस ठाण्यात तुमची माहिती लिहून घेतली पाहिजे, तिला नोंद क्रमांक दिला पाहिजे, तुम्हाला ती वाचून दाखवली पाहिजे. ती नोंदवून घेतली नाही तर त्या पोलिसालाही कलम २१ लागू आहे. शंका चुकीची निघाली तर? चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती मुद्दाम, आकसानं खोटं सांगणाऱ्याला.

मुलाला ठाण्यात खेटे घालावे लागतील ही भीतीही नको. जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेतात, आणि अधिकारी गणवेशात नसतात. मूल तेलुगू बोलत असेल, कन्नड किंवा उर्दू बोलत असेल, तर दुभाषा मिळतो. त्याच्या विश्वासातलं माणूस शेजारी बसू शकतं, आणि मूल जसं बोलेल तसंच लिहून घ्यायचं असतं.

नमस्कार.