वहिनींची बरणी

नमस्कार श्रोतेहो.

मिरग जवळ आला की आपल्याकडे पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई सुरू होते. खारे बांगडे, सोलां, सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं लोणचं. यंदा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "सुंगटांचं सुकं चांगलं उकळून गरम गरम बरणीत भरलं नि झाकण घट्ट लावलं, तर दुबईला लेकीकडे पाठवता येईल ना?"

मी म्हटलं, नको. उकळल्यानं जिवाणू मरतात, त्यांचे बीजाणू मरतातच असं नाही. बोट्युलिनम नावाचा विषारी जिवाणू अडचणीत आला की जाड कवच पांघरून, आतलं पाणी आटवून निजतो; हाच त्याचा बीजाणू. 100 अंशांवर तासन्‌तास तग धरतो. वर घट्ट झाकण, म्हणजे हवा नाही, आणि त्याला तर तेच हवं असतं! तो जागा होऊन विष तयार करतो. वास येईलच असंही नाही.

मग लोणचं कसं टिकतं? माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमुळे. आम्लता पुरेशी असली, म्हणजे पीएच 4.6 च्या खाली असला, की हा बीजाणू उठतच नाही. मरत नाही हं, निजून राहतो.

कारखान्यात डब्याच्या अगदी मध्यापर्यंत 121 अंश, निदान 3 मिनिटं, एवढी उष्णता पोचवतात. तोवर कडेची सुंगटं रबर होतात. म्हणून शास्त्रज्ञ दाबाकडे वळले. पण हवेच्या सहा हजार पट दाबालाही थंडपणी बीजाणू दाद देत नाही. गंमत अशी, की बऱ्याच जातींचे बीजाणू त्याहून कितीतरी हलक्या दाबानं फसतात. दिवस उजाडला समजून कवच टाकतात, आणि मग बेताची उष्णताही त्यांना पुरते. बोट्युलिनम मात्र हट्टी. त्याला मोठा दाब आणि कडक उष्णता एकदमच लागते. दाबानं अन्न आतूनच तापतं, दाब काढताच निवतं, त्यामुळे चव पुष्कळशी वाचते. अमेरिकेत 2009 साली कुस्करलेल्या बटाट्यासाठी ही रीत मान्य झाली.

हलक्या दाबानं न फसलेले काही झोपाळू तरी उरतातच. त्यांच्यासाठी नायसिन. दुधादह्यातलाच एक जिवाणू ते बनवतो, चीजमध्ये ते वापरतात. बीजाणूनं डोळे उघडले की ते त्याच्या पातळ पडद्याला भोकं पाडतं. निजलेल्याला हात लावत नाही, दारात बसून राहतं.

वहिनींनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढा दाब माझ्या कुकरात कुठला? लोणचंच पाठवते. सुकं ती चवथीला आली की इथंच खाईल."