पिशवीचं ऑपरेशन : टाक्याचं, दुर्बिणीचं की खालून?

नमस्कार श्रोतेहो. गर्भाशय काढायचं ठरलं की घरात पहिला वाद होतो तो 'टाक्याचं करायचं का दुर्बिणीचं' यावर. टाक्याचं, म्हणजे पोट उघडून केलेलं, स्वस्त, दुर्बिणीचं भारी, एवढाच हिशेब डोक्यात असतो. योनीमार्गातून, म्हणजे खालून पिशवी काढता येते, हे कुणी बोलतच नाही. बोललंच तर 'ते अंग बाहेर आलेल्या म्हाताऱ्या बायांचं' म्हणून विषय संपतो. खरं तर कॅन्सर नसेल आणि जमण्यासारखं असेल, तर हीच वाट पहिली धरावी. २०१५ साली या पद्धतींची तुलना करणाऱ्या ४७ अभ्यासांचा, पाच हजारांवर स्त्रियांचा एकत्रित आढावा निघाला, त्याचाही निष्कर्ष हाच होता. खालून जमत नसेल तर पोट उघडण्यापेक्षा दुर्बीण बरी. बाई लवकर हिंडू-फिरू लागते. पण लघवीच्या मार्गाला इजा होण्याचं प्रमाण मात्र दुर्बिणीत जास्त आढळलं.

असं का होतं, ते समजून घ्या. मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या मुख्य रक्तवाहिनीच्या खालून जाते, आणि गर्भाशयाच्या मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरवरून. ती रक्तवाहिनी बंद केल्याशिवाय पिशवी सुटत नाही. रक्तस्राव सुरू झाला, नीट दिसेना आणि घाईत चिमटा जरा बाजूला लागला, की मूत्रवाहिनी त्यात सापडते. हा धोका तिन्ही प्रकारांत आहे. दुर्बिणीत ती रक्तवाहिनी बहुधा विजेच्या उष्णतेनं बंद करतात, आणि उष्णता शेजारी पसरते. भाजलेली जागा त्या वेळी धडधाकट दिसते. आठ-दहा दिवसांनी ती मरते आणि लघवी झिरपू लागते. तोवर बाई घरी पोचलेली असते!

इंग्लंडात २००४ साली असाच एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पोटावरून केलेल्या शंभर ऑपरेशनांमागे सुमारे सहा मोठ्या गुंतागुंती निघाल्या, दुर्बिणीच्या शंभरांमागे अकरा. मात्र दुर्बीण सोडून पोट उघडावं लागलं, तर तेही गुंतागुंतीतच धरलं होतं. माझ्या मते वेळेवर पोट उघडणं ही सावधगिरी आहे, चूक नव्हे.

दुर्बिणीची दुसरी नाजूक वेळ अगदी सुरुवातीची. बेंबीजवळून सुई किंवा नळी घालून पोटात गॅस भरतात. आधी सिझर झालं असेल तर आतडं पोटाच्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं, आणि त्याला टोचलं जाण्याची भीती असते. म्हणून जुन्या ऑपरेशनचे कागद डॉक्टरांसमोर ठेवा. नंतर दोन दिवस खांदा दुखतो तो गॅसमुळे, त्याला घाबरू नका.

पोटावरच्या ऑपरेशनात त्रास मुख्यतः जखमेचा. साखरेचा आजार, जाड पोट, अंगात रक्त कमी, यांपैकी काहीही असलं तर टाके पिकण्याची भीती जास्त. चिरा देण्याआधीच्या तासाभरात अँटीबायोटिकचं इंजेक्शन गेलं तर पिकण्याचं प्रमाण कमी होतं. नंतर आठ दिवस गोळ्या गिळून ते भरून निघत नाही. हिमोग्लोबिन आठ-नऊ असेल आणि घाई नसेल, तर आधी लोहाची सलाईन घेऊन ते वाढवावं. पण गाठ फार मोठी असेल, आत सगळं चिकटलेलं असेल किंवा काही प्रकारच्या कॅन्सरचा संशय असेल, तर पोट उघडणं हाच शहाणपणा ठरतो.

खालून करताना पोटावर व्रण राहत नाही, कमरेतल्या इंजेक्शनवर भागतं. पिशवी साधारण बारा आठवड्यांच्या गरोदरपणाएवढ्या आकाराच्या आत आणि थोडी खाली सरकणारी हवी. आधीचं सिझर असेल तर मूत्राशय पिशवीला चिकटलेलं असू शकतं, सोडवताना फाटू शकतं. तेव्हाच लक्षात आलं तर तिथंच शिवता येतं. कधी आतल्या टाक्यांवर रक्त साठतं; मग पाचव्या-सहाव्या दिवसापासून ताप, ओटीपोटात जडपणा, घाण वास.

अर्थात यातलं काहीही करण्याआधी पिशवी काढायचीच का, ते विचारा. नुसतं पांढरं जातंय म्हणून ती काढत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, आणि तिथल्या खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

घरी गेल्यावर लक्ष कशाकडे ठेवायचं? पंधरा दिवसांच्या आत नकळत लघवी गळू लागली, कुशीत दुखून ताप आला, पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, पोटरी सुजून दुखू लागली किंवा अंगावरून लालभडक रक्त गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवी गळते म्हणजे अशक्तपणा आहे, असं समजून बसू नका. लघवीच्या मार्गाला पडलेलं छिद्र बारीक असेल आणि लवकर सापडलं, तर काही आठवडे लघवीची नळी ठेवूनही ते कधीकधी भरून येतं.

पिशवी काढल्यावर योनीचं वरचं टोक आतून शिवलेलं असतं. हे टाके उसवण्याचा प्रकार दुर्बिणीत जास्त, कारण कडा विजेनं कापलेल्या असतात. पोटावर टाका दिसत नाही, म्हणून बाई लगेच हंडा उचलते. सहा आठवडे भरलेली घागरसुद्धा नको; शरीरसंबंध डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच. उसाची मोळी तर तीन महिने तरी डोक्यावर घेऊ नये. त्यामुळं घाई नसेल, तर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ऑपरेशन तोडीवरून परत आल्यावर, उन्हाळ्यातच उरकावं. दसरा-दिवाळीला टोळी निघेपर्यंत आतली जखम पक्की होते. आणि पिशवी कोणत्या मार्गानं काढली, अंडाशय ठेवले का काढले, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. काढलेल्या पिशवीच्या तपासणीचा रिपोर्टही त्यालाच जोडा. कर्नाटकातल्या किंवा कोल्हापूरकडच्या फडावर काही दुखलं-खुपलं, तर तिथला डॉक्टर आधी तेच कागद मागेल.