तिसऱ्यांना टिचकी मारून बघा

हॉटेल-खानावळी चालवणाऱ्या श्रोतेहो, नमस्कार. रत्नागिरी-मालवणची मासळी आंबा घाट, करूळ घाट चढून कोल्हापुरात येते. सुरमई-पापलेट बर्फात येतात, ते ठीकच. तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्यांचं, मात्र तसं चालत नाही. त्या भांड्यात पडेपर्यंत जिवंत असाव्या लागतात. माल उतरवून घेताना जे बघायचं राहिलं, ते एकदा मसाल्यात गेलं की कुणालाच ओळखता येत नाही.

तिसरी खाडीचं पाणी गाळून जगते. पाण्यात सांडपाणी असेल तर त्यातले जंतू आणि विषाणू तिच्या अंगात साठतात. ती मेली की जंतू झपाट्यानं वाढतात.

म्हणून खोकं उघडल्यावर आधी वास घ्या. समुद्राचा खारा वास चांगला, आंबूस वास आला तर माल परत करा. उघड्या तिसरीला टिचकी मारा. जिवंत असेल तर ती हळूहळू मिटते. मिटलीच नाही किंवा शिंपला फुटलेला असेल, तर टाकून द्या. हाताला भलतीच जड लागली तर आत नुसता चिखल असतो, आणि अशी एक तिसरी अख्खं कालवण कचकचीत करते.

यानंतरची चूक फार वाईट, कारण ती चांगल्या हेतूनं होते. ताज्या राहाव्यात म्हणून तिसऱ्या नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवतात. गोड्या पाण्यात त्या मरतात. वाळू काढायची असेल तर लिटरभर पाण्यात 30 ते 35 ग्रॅम मीठ घाला, पसरट भांडं घ्या, आणि एक-दोन तासच ठेवा. मग ओलं फडकं झाकून 5 अंशांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. हवाबंद डब्यात नको, आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्यातही नको.

शिंपला उघडला म्हणजे तिसरी शिजली, हा समज सोडून द्या. उघडल्यावर आणखी 3 ते 5 मिनिटं खळखळून उकळू द्या, कारण नुसत्या वाफेत काविळीचा ‘हिपॅटायटिस ए’ विषाणू तग धरू शकतो. भांडं गच्च भरू नका, मधल्या तिसऱ्या कच्च्या राहतात. ज्या उघडल्याच नाहीत, त्या टाका. काही समुद्री शेवाळांचं विष उकळूनही जात नाही, त्यामुळं माल कुठल्या खाडीतला, कुठल्या तारखेचा, हे लिहिलेली पावती जपून ठेवा, म्हणजे कुणी आजारी पडलं तर माल कुठून आला ते शोधता येईल.

अन्नसुरक्षा अधिकारी येतात ते 2006च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यानं. 14 अंकी क्रमांकाचा परवाना दर्शनी भागात लावलेला आहे का, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवलंय का, फ्रिज खरंच थंड आहे का, हे ते बघतात. तुमचा थर्मामीटर तुम्हीच आधी तपासा. ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात 98च्या आसपास दाखवला तर बिघडलाय असं समजू नका, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, आणि उंचावर पाणी शंभराच्या आधीच उकळतं. त्रुटी सापडल्या तर कलम 32 खाली सुधारणा नोटीस मिळते, किमान 14 दिवसांची. तेवढ्यात सुधारणा झाली नाही, तर परवाना निलंबित होऊ शकतो.

आणखी एक. कोळंबी, खेकडा यांची ॲलर्जी असलेल्या माणसाला थोडासा अंशही जिवावर बेतू शकतो, आणि शिजवल्यानं ती ॲलर्जी टळत नाही. कोळंबी तळलेल्या तेलातच बटाट्याची भजी सोडत असाल, तर गिऱ्हाईकानं विचारल्यावर वेटरला ते ठाऊक असायला हवं.