तळहाताला पडलेलं भोक

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी वर्तमानपत्र असेल तर एका पानाची सुरळी करून ती उजव्या डोळ्याला लावा. डावा डोळा मिटायचा नाही. आता डावा तळहात चेहऱ्यापासून वीतभर लांब, सुरळीला चिकटवून उभा धरा आणि समोर दूरवर बघा. तळहाताला आरपार भोक दिसतंय? (गाडी चालवत असाल तर हा उद्योग घरी पोचल्यावर!)

उजव्या डोळ्याला सुरळीतून भिंतीवरचं घड्याळ दिसतं, डाव्याला तळहात. मेंदू त्यांची सरमिसळ करत नाही. मधल्या भागात तो घड्याळाला झुकतं माप देतो, कारण ते जास्त ठसठशीत असतं. भोवती तळहात राहतोच.

आपल्या डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर असतं. म्हणून दोघांची चित्रं किंचित निराळी, आणि त्या फरकावरून खोली, म्हणजे वस्तू किती जवळ-लांब आहे, ते कळतं. १८३८ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी आरशांचं यंत्र बनवून हे सिद्ध केलं. मग त्यांनी एका डोळ्याला ‘एस’ अक्षर दाखवलं, दुसऱ्याला ‘ए’. अक्षरं एकावर एक छापल्यासारखी दिसली नाहीत. ‘एस’ दिसायचा, त्याचे तुकडे व्हायचे, त्यांतून ‘ए’ वर यायचा, पुन्हा ‘एस’. ही पाळी कितीही जोर लावला तरी फार वेळ अडवता येत नाही.

आणि हरलेला डोळा काही झोपलेला नसतो. मेंदूशास्त्रज्ञ निकोस लोगोथेटिस यांनी माकडांवर केलेल्या अशाच प्रयोगांत, मेंदूतल्या दृष्टीच्या पहिल्या टप्प्यावरच्या बहुतेक पेशी डोळ्यासमोरचं चित्र नोंदवतच राहिल्या. कानशिलाकडच्या भागातल्या पेशी मात्र माकडाला त्या क्षणी जे दिसत होतं, त्याच्याच बाजूने होत्या.

लहान मुलांत मात्र ही चुरस महागात पडते. डोळा तिरळा असला किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असला, की मेंदू एकाच डोळ्याचं ऐकू लागतो आणि दुसऱ्याची नजर अधू होत जाते. तिरळेपणा भाग्याचा म्हणणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका. उपाय म्हणजे योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, शक्यतो सातआठ वर्षांच्या आत. नंबराचा फरक तर वरून दिसतही नाही, मूलही तक्रार करत नाही. खेळताखेळता त्याचा एकेक डोळा झाका. ठरावीक एकच डोळा झाकला की ते चिडत असेल, हात झटकत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे लगेच न्या.