गंजलेली थाई आणि आपली क-ख-ग-घ

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर जुनी वही, मागे पांढरा फळा.)

थाई भाषेत 'जवळ' म्हणजे क्लाइ. आणि 'लांब' म्हणजे... क्लाइ.

नाही, माझी जीभ अडकलेली नाही. 'लांब'वाला क्लाइ सपाट म्हणायचा. 'जवळ'वाला वरून खाली सोडायचा, आपण एखादी गोष्ट अचानक आठवल्यावर "अरे हो!" म्हणतो, त्यातल्या 'हो'सारखा. सहा वर्षांच्या खंडानंतर मी बँकॉकला गेले, टॅक्सीत बसले आणि ऐटीत सांगितलं, हॉटेल जवळच आहे. चालकाने वळून माझ्याकडे बघितलं. कारण त्याला ऐकू आलं होतं, हॉटेल लांब आहे. मग मी "नाही नाही, लांब नाही" म्हणायला गेले, तर नेमका तिथे दुसरा सूर लागला. म्हणजे मी म्हणाले, "जवळ नाही." शेवटी फोनवरचा नकाशा दाखवला आणि गप्प बसले.

आता यात बघा, शब्द मला आठवत होता. वाक्याची रचना बरोबर होती. गेला होता तो फक्त सूर. तेव्हापासून माझं मत झालंय की विसरलेली भाषा सगळीकडून सारखी गंजत नाही. त्यामुळे घरी बसून ती परत आणायची असेल तर पहिल्या धड्यापासून सुरुवात करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. "हे काय आहे? हे पुस्तक आहे." हे तुम्हाला येतंय हो! ते परत करताना छान वाटतं, आणि म्हणूनच आपण तिथे रेंगाळतो.

त्याऐवजी एक संध्याकाळ काढा. एखादं पान मोठ्याने वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग न थांबता एक मिनिट बोला, विषय कुठलाही, तेही रेकॉर्ड करा. आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी नको, त्या दिवशी आपण स्वतःला फार माफ करतो.

मी ऐकलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. अर्थ बऱ्यापैकी लागत होता. पण सूर मी अंदाजाने टाकत होते. कारणही सापडलं, या वहीत. (वही उघडून दाखवते.) हे बघा, सगळे शब्द रोमन लिपीत लिहिलेत. सुराची खूण कुठेच नाही. शिकताना कानात होतं म्हणून चाललं. कान विसरला, आणि वहीकडे सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

थाई लिपी मात्र सूर सांगते. सरळ नाही सांगत, हिशोब करून काढावा लागतो. आणि त्या हिशोबाची अर्धी किल्ली आपल्याकडे पहिलीपासून आहे. हे मला इतक्या उशिरा कळलं याचा अजून राग येतो.

(फळ्याकडे वळते.)

थाईत 44 व्यंजनं आहेत, त्यातली दोन आता वापरात नाहीत. सूर पाच: मध्यम, नीच, उतरता, उंच, चढता. व्यंजनांचे तीन गट: मधली, वरची आणि खालची. थाई भाषेत अक्सोन क्लांग, अक्सोन सूंग, अक्सोन तम. अक्सोन म्हणजे आपलं अक्षर. शेवटच्या र चा न कसा झाला, त्याकडे नंतर येते.

कुठलं अक्षर कुठल्या गटात, हे थाई मुलं घोकून पाठ करतात. मधल्या गटासाठी एक वाक्य आहे: काइ चिक देक ताइ बोन पाक ओंग. कोंबडीने टोचलं, पोर मेलं, रांजणाच्या तोंडावर. (हसते.) लहान मुलांना शिकवायचं वाक्य आहे हे. पण लक्षात राहतं खरं.

आपल्याला कोंबडीची गरज नाही. मी फळ्यावर आपली वर्णमाला लिहिते. क ख ग घ ङ. च छ ज झ ञ. ट ठ ड ढ ण. त थ द ध न. प फ ब भ म. थाई लिपी ख्मेर लिपीमार्गे ब्राह्मीच्याच घरातली, त्यामुळे तिची मांडणीही हीच. आता आडव्या ओळी सोडा, उभे रकाने बघा.

पहिला रकाना, क च ट त प: मधला गट.
दुसरा, ख छ ठ थ फ: वरचा गट.
तिसरा, चौथा आणि अनुनासिकं: सगळा खालचा गट.

य र ल व खाली. श ष स ह वर. आणि ह च्या नंतर थाई वर्णमालेत कोण येतं? ळ! चक्क ळ, आपल्यासारखाच ह च्या पाठोपाठ. उच्चार आता ल सारखाच करतात आणि तो वापरतातही कमी, पण जागा सोडलेली नाही त्याने. तोही खालच्या गटात. 25 अधिक 4 अधिक 5, झाली 34. उरलेली 10 ही थाईला स्वतःच्या सोयीसाठी लागलेली जादा अक्षरं, तेवढी मात्र पाठ करावी लागतात.

हे असं का? जुन्या थाईत ग, द, ब हे उच्चार खरोखर होते. कालांतराने त्यांच्यातला घोष, म्हणजे उच्चारताना घशात होणारं कंपन, गेला. ग चा ख झाला, द आणि ध दोन्ही थ झाले. मग आधीचा ख आणि हा नवा ख वेगळे कसे कळणार? ते सुरावरून वेगळे राहिले. म्हणून थाईत आज थ चा उच्चार असलेली सहा अक्षरं आहेत. मूळचे ठ, थ, ड, ढ, द, ध. त्या ड च्या अक्षराचं नाव आहे थो मोन्थो. मोन्थो कोण, तर मंदोदरी! आणि ष चं नाव सो रूसी. रूसी म्हणजे ऋषी. आपल्या पोटफोड्या ष सारखी त्याच्याही अंगातून एक रेघ आरपार जाते. श, ष, स तिघांचा उच्चार आता एकच, स.

बरं, हिशोब. एकच उदाहरण घेते, पण नीट घेते. शब्द आहे 'खाव'.

दुसऱ्या रकान्यातला ख, वर कुठलीच खूण नाही: चढता सूर. अर्थ, पांढरा. त्याच ख वर पहिली खूण, तिचं नाव माइ एक: नीच सूर. अर्थ, बातमी. दुसरी खूण, माइ थो: उतरता सूर. अर्थ, भात. आता अक्षर बदला. ख च्या जागी तिसऱ्या रकान्यातला ग घ्या, जो आता ख सारखाच बोलला जातो, आणि खूण काढून टाका: मध्यम सूर. अर्थ, माशासारखा उग्र वास असलेला.

म्हणजे 'पांढरा' आणि 'उग्र वासाचा' यांत खुणेचा फरकच नाही. फरक आहे तो फक्त कुठला ख, याचा. रोमन वहीत हे दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. माझ्या वहीत तसेच आहेत, एकाखाली एक.

खुणांची नावं ओळखीची वाटली ना? माइ एक, माइ थो, माइ त्री, माइ चत्तवा. एक, द्वि, त्रि, चतुर्. शेवटच्या दोन फक्त मधल्या गटावर येतात. आणि एक गोंधळ आधीच मिटवते: वरचा गट म्हणजे उंच सूर नव्हे. ती गटाची नावं आहेत. मी यावर दोन आठवडे घालवलेत.

खालच्या गटावर खुणा एक पायरी सरकतात. माइ एक असेल तर उतरता, माइ थो असेल तर उंच. बायकांनी वाक्याच्या शेवटी जो 'खा' लावायचा असतो, त्यात हे रोज सापडतं. साधं विधान असेल तर माइ एक लावलेला, उतरता. प्रश्न असेल तर बिनखुणेचा, आखूड आणि उंच. लिहिताना खुद्द थाई लोक यात सर्रास चुकतात, त्यामुळे आपण चुकलो तर फार मनाला लावून घ्यायचं नाही.

आता शब्दसंग्रह. इथे आपली चंगळ आहे, पण पाय घसरतो तोही इथेच. फासा म्हणजे भाषा. नखोन, नगर. आहान, आहार. आकात, आकाश, अर्थ मात्र हवा. थाईत शब्दाच्या शेवटी र किंवा ल आला की न होतो, आणि श, स, च, ज, द सगळ्यांचा त होतो. एवढं कळलं की गंजलेले शेकडो शब्द आपोआप वर येतात. मंगळवार म्हणजे वन अंगखान. अंगारक! पण 'आकाश' असा आपला उच्चार केलात तर समोरच्याला काही कळणार नाही. ओळख वाचताना वापरायची, बोलताना विसरायची.

रोजचं म्हणाल तर माझं फार काही नाही. एक छोटा मजकूर, ऑडिओ असलेला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा, एफएसआयचा, जुना थाई अभ्यासक्रम ध्वनिफितींसकट फुकट मिळतो. वाक्यं जुनाट आहेत, पण सुरांचे सराव उत्तम. मी आधी ऐकून लिहिते, थाई लिपीतच. मग मूळ मजकुराशी ताडते. चुकलेल्या प्रत्येक शब्दाचा गट, खूण आणि सूर काढते. मग बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, जवळजवळ त्याच्या अंगावर पडत, बोलते. दहा ओळींना अर्धा तास जातो. कार्डांची अ‍ॅप्स वापरायची तर वापरा, फक्त कार्डावर रोमन लिपी ठेवू नका.

आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, त्याचीही सवय गेलेली असते. 'ताक्लोम' हे ता-क्लोम वाचलं तर गोल डोळे, ताक-लोम वाचलं तर वारा खात बसणं. इथे नियम नाही, वाचत राहायचं.

(फळा पुसते, चार शब्द लिहिते.)

जाता जाता हे सोडवा. थाई शिकणाऱ्याला कधी ना कधी भेटणारं वाक्य आहे: माइ माइ माइ माइ. नवं लाकूड जळत नाही. चारही म खालच्या गटातले. पण दुसऱ्या आणि चौथ्या म च्या आधी एक मुका ह आहे. तो स्वतः बोलत नाही, पण म ला हाताला धरून वरच्या गटात नेऊन बसवतो. खुणा अशा: पहिल्यावर माइ थो, दुसऱ्यावर माइ एक, तिसऱ्यावर माइ एक, चौथ्यावर माइ थो.

चारांपैकी दोघांचा सूर सारखा निघतो. कुठले दोन, ते कागदावर काढा आणि कमेंटमध्ये लिहा. ऐकून नको, हिशोबाने.