पोराकडे परदेशात कायमचं जायचं? व्हिसाच्या आधी हे बघा

रामराम मंडळी.

मुलगा डॅलसला, सून तिथंच नोकरीला, नातू तिथंच जन्मलेला. इकडे गावात काकाजी आणि काकू दोघंच. वावर मक्त्यानं दिलेलं, अर्ध्या खोल्यांना कुलूप. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पोरगा म्हणतो, "बाबा, आता बस्स झालं. इकडे या कायमचे." आर्वी घ्या, दारव्हा घ्या, वरुड घ्या, प्रत्येक तालुक्यात अशी घरं आहेत. मग काकाजी कागदांची पिशवी घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, व्हिसा भेटन का वो?"

भेटन. अमेरिकेचा तरी बहुतेक भेटन. पण मी उलट विचारते: काकाजी, उद्या लकवा मारला, उजवी बाजू गेली, लघवीचं भान राहिलं नाही, तर तुमचं करणार कोण? आणि त्याचे पैसे देणार कोण? हातपाय चालतात तोवर अमेरिकाही छान आणि आपलं गावही छान. ठरवायचं ते त्यानंतरच्या वर्षांसाठी.

लकव्याचं नाव मी घाबरवायला घेत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यांमधल्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा लकवा पहिल्या नंबरला निघाला. आणि जे वाचतात, ते घरीच असतात, कधीकधी वर्षानुवर्षं.

आता देश पटापट बघू.

अमेरिकेत मुलगा नागरिक असेल आणि वय २१ च्या वर असेल, तर तो आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवान्यासाठी, अर्ज करू शकतो. त्याला वार्षिक कोटा नाही. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल तर विषयच नाही.

कॅनडात आईवडिलांची पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, गेली काही वर्षं सोडतीवर होती. म्हणून लोक सुपर व्हिसा काढतात. त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं, पण किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा स्वतःच्या खर्चानं दाखवावा लागतो.

ऑस्ट्रेलियात लेकरांची मोजणी होते. अर्धी तरी लेकरं तिथं स्थायिक पाहिजेत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथं जास्त पाहिजेत. तीन लेकरांपैकी एक मेलबर्नला आणि दोन नागपूरला, तर नापास. पास झालात तरी साध्या पालक व्हिसाची रांग ३० वर्षांच्या आसपास आहे. सत्तरीच्या आबाजींनी ही रांग लावायची म्हणजे शंभरीचं तिकीट काढण्यासारखं. पैसे भरून लवकरचा व्हिसा मिळतो, त्याची फी माणशी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, आणि तिथंही वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

इंग्लंडनं २०१२ पासून दार जवळजवळ लावूनच घेतलंय. आईवडिलांना रोजच्या कामांसाठी दुसऱ्याचा आधार लागतो आणि तो आधार भारतात पैसे देऊनही मिळत नाही, हे सिद्ध करा म्हणतात.

म्हणून बहुतेकांची गाडी अमेरिकेवर येऊन थांबते. तिथं जरा सविस्तर बोलू, कारण गैरसमज इथंच सगळ्यात जास्त.

"तिकडे म्हाताऱ्यांना सरकारच सांभाळते," असं पारावर ऐकलं असेल तुम्ही. तिथल्या ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी विम्याचं नाव मेडिकेअर. ग्रीन कार्डवर नव्यानं गेलेल्या माणसाला तो विकत घेण्याआधी सलग ५ वर्षं तिथं राहावं लागतं. पाच वर्षांनंतरही फुकट नाही, कारण तुम्ही तिथं १० वर्षं नोकरी करून कर भरलेला नाही. २०२५ साली अशा माणसाला दवाखान्यात भरतीच्या भागासाठी महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टरच्या भागासाठी १८५ डॉलर हप्ता होता. दोन्ही मिळून ६० हजार रुपयांच्या आसपास, एका माणसाचे. जोडीचे दुप्पट. पहिली पाच वर्षं खाजगी विमा, त्याचा भाव वेगळा.

आणि एवढे भरूनही मेडिकेअर अंथरुणाला लागलेल्याची रोजची सेवा करत नाही. दवाखान्यात किमान ३ दिवस भरती राहिलात, तर त्यानंतर नर्सिंग होममधले जास्तीत जास्त १०० दिवस, तेही प्रशिक्षित नर्सचे किंवा थेरपीचे उपचार लागत असेपर्यंत आणि विसाव्या दिवसानंतर स्वतःच्या खिशातून वाटा देऊन. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, डायपर बदलणं, नुसतं हेच लागत असेल तर शून्य. तिथल्या नर्सिंग होमचा खर्च वर्षाला लाख डॉलरच्या वर जातो. गरिबांसाठी मेडिकेड नावाची योजना आहे, पण नव्या ग्रीन कार्डवाल्याला बहुतेक राज्यांत पहिली ५ वर्षं ती नाही. शिवाय ग्रीन कार्ड काढताना पोरगा लिहून देतो की यांचा भार माझ्यावर. ती सही कोर्टात चालते.

म्हणजे शेवटी करणार कोण? सूनबाई. सकाळी आठला कामावर जाणारी, घराचे हप्ते भरणारी सूनबाई. तिला हे कोणी विचारलंय का? मी तर म्हणते रविवारच्या कॉलवर पोराला बाजूला बसवा आणि आधी तिच्याशी बोला.

आणखी एक. ग्रीन कार्ड घेऊन गावात राहता येत नाही. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर ते हातचं जाऊ शकतं. सोयाबीन निघेपर्यंत इथं, होळीपर्यंत तिथं, असं ज्यांना पाहिजे त्यांना साधा टुरिस्ट व्हिसाच बरा. तो साधारण १० वर्षांचा मिळतो आणि दर खेपेला ६ महिन्यांपर्यंत राहू देतात. फक्त त्या खेपेचा विमा काढताना बघा: जुनी शुगर, जुनं बीपी, बसवलेला स्टेंट यांच्यामुळे उद्भवलेलं दुखणं बऱ्याच पॉलिसींमध्ये धरत नाहीत.

बरं, मग गावातच राहायचं? इथंही भाबडेपणा नको.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्ड मिळतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. निवृत्त मास्तर असो की शेतमजूर. काढलं नसेल तर या आठवड्यात काढा. पण तेही भरती झाल्यावरच. घरी आल्यावर बाई ठेवली, डायपर आणले, फिजिओथेरपीवाला बोलावला, त्याला एक रुपया नाही. म्हणजे या बाबतीत वॉशिंग्टन आणि दिल्ली सारखीच.

फरक आहे तो माणसाच्या मजुरीत. अमेरिकेच्या विम्याच्या एका माणसाच्या हप्त्यात वर्ध्याला किंवा यवतमाळला दिवसपाळी आणि रातपाळीची बाई ठेवून पैसे उरतात. वर्ध्याला म्हणतेय मी, गावात नाही. खेड्यात बाई मिळणं कठीण, आणि मिळाली तरी दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की ती वेचणीला जाणार. किलोमागे मजुरी मिळते, चार बायांची सोबत असते. तिला दोष देऊ नका, त्या दोन-तीन महिन्यांची सोय आधीच लावा.

आणि लाईन, म्हणजे वीज. अंथरुणाला लागलेल्याला पाठीला फोड येऊ नयेत म्हणून एअर बेड आणतात. त्याला छोटा पंप असतो. तो गादीच्या एका रांगेतली हवा काढतो, दुसरीत भरतो, म्हणजे एकाच हाडावर भार राहत नाही. लाईन गेली की पंप बंद. गादी हळूहळू बसते आणि माणूस खाली पलंगाच्या फळीला टेकतो. घरच्यांना वाटतं, एअर बेड आहे, आता चिंता नाही. माकडहाडापाशी चामडी लाल झाली, की मग कळतं. इन्व्हर्टर आधी घ्या, एअर बेड मागून. आणि दोन्ही असले तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, रात्री दोन वाजतासुद्धा.

म्हणून माझं मत विचाराल तर अमेरिकाही नाही आणि गावातला वाडाही नाही. हातपाय चालतात तोवर गाव. ऐंशीकडे झुकलात, किंवा दोघांपैकी एक राहिलं, की जिल्ह्याच्या ठिकाणी तळमजल्यावर दोन खोल्या. सेवाग्रामचा किंवा सावंगीचा दवाखाना, यवतमाळचं मेडिकल, जे जवळ असेल त्याच्या पंधरा मिनिटांत. उंबरा नसलेली, संडासात कमोड आणि भिंतीला दांडी असलेली. लेक जवळ राहत असेल तर तिच्या गल्लीत. आणि लेक करत असेल तर तिला महिन्याला पैसे द्या. "लेकीचे काय पैसे" म्हणणारे बहुधा स्वतः काही करत नसतात.

आता कागद. इथं हुशार माणसंही फसतात.

पोरगा परदेशात, म्हणून काकाजी पुतण्याच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. पण १८७२ च्या आपल्या करार कायद्यात, देणाऱ्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारपत्र संपतं. विसरण्याचा आजार वाढला, माणूस कोमात गेला, म्हणजे गरज पडली, नेमकं तेव्हाच. मग बँकेतून स्वतःचेच पैसे काढायला पालक नेमून घ्यावा लागतो आणि कोमासारख्या प्रकरणात घरचे थेट हायकोर्टात, आपल्यासाठी नागपूर खंडपीठात जातात. त्यापेक्षा आजच बँकेत जाऊन, सेवेला जो जवळ असेल त्याच्यासोबत संयुक्त खातं करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या प्रकारचं. सगळे पैसे त्यात टाकू नका. सहा महिन्यांच्या सेवेचा खर्च पुरे.

वावर पोराच्या नावानं आताच करून द्यायची घाई नको. इथंच राहणाऱ्या लेकराच्या नावानं करायचंच असेल तर बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा की आमच्या मूलभूत गरजा आणि सेवा भागवण्याच्या अटीवर देतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत, एसडीओकडे. अट लिहिलीच नसेल तर वकिलांच्या तारखा मोजत बसाल. आणि पोरगा परदेशात स्थायिक असेल, तिकडचा नागरिक झालेला असो की नसो, तर त्याला इथं शेती विकत किंवा बक्षीस घेता येत नाही, वारसानं मात्र मिळते. म्हणून "नाही केलं तर वावर जाईल" या भीतीत दम नाही.

शेवटचं थोडं अवघड आहे, पण बोलून टाकते. आयसीयूत नळ्या लावून ठेवायचं की नाही, हे तुम्ही आधीच लिहून ठेवू शकता. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ही मुभा दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा डॉक्टरला संमती कोण देईल त्याचं नाव त्यात टाका, नाहीतर फोनवर तीन भावंडं तीन देशांच्या वेळांतून भांडतात आणि डॉक्टर वाट बघत उभा राहतो.

परदेशातल्या पोरांनो, हे सगळं सुट्टीत एका खेपेत उरकतं: बँक, एसबीआय असो की जिल्हा बँक, नोटरी, दुय्यम निबंधक, आयुष्मान कार्ड. फक्त लग्नाच्या धावपळीत दोन दिवसांसाठी येऊ नका. आणि येताना बघून या, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते.