वासूनाक्यावरून झालेलं भांडण

नमस्कार मंडळी. कुकर लावून ऐकत असाल, लोकलमध्ये कानात हेडफोन घालून ऐकत असाल, जसे असाल तसे ऐका, आज जरा भांडणाचा विषय आहे. पुस्तकावरून होणारं भांडण. म्हणजे एखादा लेखक असं काही लिहून ठेवतो की अर्धे लोक म्हणतात काय भन्नाट लिहिलंय यार, आणि उरलेले म्हणतात हे असलं घरात आणायचं नाही, आणि गंमत बघा, दोघांनी वाचलेलं असतं तेच पान. मराठीत असा लेखक कोण म्हटलं तर माझ्या तोंडात पहिलं नाव येतं भाऊ पाध्ये, आणि पुस्तक अर्थातच 'वासूनाका'.

१९६५ साली आलं हे पुस्तक. भाऊंचा जन्म १९२६ चा, दादरचा. नाव प्रभाकर नारायण पाध्ये, पण त्या काळात आणखी एक प्रभाकर पाध्ये साहित्यात आधीच नावाजलेले, म्हणून हे भाऊ झाले. इकॉनॉमिक्स घेऊन बी. ए., मग कामगार युनियनचं काम, मिलमधली नोकरी, एलआयसीतली कारकुनी, आणि पुढे वर्षानुवर्षं 'नवशक्ति'त पत्रकारी. हे एवढ्यासाठी सांगतोय की बऱ्याच लोकांना वाटतं हा कोणीतरी मुद्दाम खळबळ माजवायला बसलेला माणूस असणार. तसं काही नाही. मुंबई त्यांनी पायी तुडवलेली होती, चाळ, नाका, मिल, युनियनचं ऑफिस, प्रेस, सगळीकडे उठबस, आणि त्या त्या ठिकाणचे लोक जसं बोलतात तसं त्यांच्या कानात साठलेलं होतं.

तर 'वासूनाका'त आहे काय? एक नाका आहे आणि तिथे उभी राहणारी पोरं आहेत. पोक्या नावाचा पोरगा सगळं सांगतो. कामधंद्याचा पत्ता नाही, दिवसभर भंकस, येणाऱ्याजाणाऱ्या पोरींवर नजर, कुणाचं कुणाशी लफडं चाललंय याची पक्की खबर, कोणाच्या घरात काय शिजतंय तेही माहिती. एकेक प्रकरण म्हणजे एकेक किस्सा, सुटासुटा वाचलात तरी चालतं, म्हणून काही जण याला कादंबरी म्हणायलाही तयार नसतात. आणि भाषा? ती नाक्यावरची, अर्धी मराठी, मधेच हिंदी, मधेच मोडकं इंग्रजी, शिव्या आल्या तर आल्या, आणि बाईच्या शरीराबद्दल ती पोरं जशी एकमेकांत बोलतात तशीच पुस्तकात बोलतात, मधे पडदा नाही.

आता मला सांगा, शृंगार मराठी कादंबरीत आधी नव्हता का? होताच की. फडक्यांच्या कादंबऱ्या लोक उशीखाली ठेवून वाचायचे. पण तिथली माणसं चांगल्या घरातली, नीटनेटकं बोलणारी, प्रेमात पडली तरी वाक्य पूर्ण करणारी. आणि ज्या कादंबऱ्यांत वाईट माणूस असायचा तिथे लेखक कुठेतरी येऊन त्याचा कान धरायचा, शेवटी त्याची फजिती व्हायची नाहीतर त्याला पश्चात्ताप तरी व्हायचा, वाचकाला मोकळं वाटायचं. भाऊंनी हे काहीच केलं नाही. पोक्या सांगतो आणि लेखक गप्प. कुणी मोठा माणूस येऊन अरे नालायकांनो असं म्हणत नाही, आणि म्हणालाच तर पोरं त्याचीही टोपी उडवणार. माझ्या मते शिव्यांपेक्षा लोकांना हे जास्त झोंबलं. शिव्या काय, मुंबईत राहणाऱ्याच्या कानावर रोज पडतात, पण 'हे वाईट आहे बरं का' असं सांगणारा कुणी पुस्तकात नसला की वाचकाला एकटं पडल्यासारखं होतं, आणि मग तो लेखकावर चिडतो.

चिडले कोण तर खुद्द आचार्य अत्रे! 'मराठा'तून त्यांनी 'वासूनाका'वर जोरदार हल्ला चढवला. आता अत्रे म्हणजे काही सोवळ्यातलं प्रकरण नाही. 'झेंडूची फुलं'वाले अत्रे, विरोधकाला धुवायला घेतलं की कुठलाही शब्द वर्ज्य नसलेले अत्रे, सभेत चावट विनोद करून मैदान हलवणारे अत्रे. पण तेच अत्रे 'श्यामची आई' चित्रपट काढून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेऊन आलेलेही होते, आणि मला वाटतं त्यांच्या डोक्यात दोन खण वेगळे होते, वात्रटपणा एका खणात आणि साहित्य म्हणजे संस्कार दुसऱ्यात. भाऊंनी दोन्ही खणांतलं एकत्र ओतलं. उलट दिलीप चित्र्यांसारखा कवी भाऊंना मोठा लेखक मानणारा, पुढे भाऊंच्या निवडक कथांचं पुस्तक त्यांनी संपादित केलं. म्हणजे फूट वाचकांतच होती असं नाही, ज्यांना आपण जाणकार म्हणतो त्यांच्यातही सरळसरळ दोन पार्ट्या.

त्या काळात हे प्रकरण किती नाजूक होतं याचा अंदाज यावा म्हणून दोन कोर्टाच्या गोष्टी सांगतो, दोन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या.

मुंबईत हॅपी बुक स्टॉल नावाचं दुकान होतं, रणजित उदेशी आणि त्यांच्या भागीदारांचं. १९५९ च्या डिसेंबरात तिथे एक गिऱ्हाईक आलं, डी. एच. लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' मागितली, यांनी दिली, आणि गिऱ्हाईक निघालं बनावट. अश्लील पुस्तक विकलं म्हणून झाली केस, दंड प्रत्येकी २० रुपये. रक्कम किरकोळ पण उदेशी सुप्रीम कोर्टापर्यंत लढले. मुल्कराज आनंद यांच्यासारखा लेखक त्यांच्या बाजूने साक्षीला उभा राहिला, पुस्तक कसं श्रेष्ठ आहे ते सांगितलं, तरीही १९६४ मध्ये निकाल विरोधात गेला. आणि लंडनमध्ये हेच पुस्तक १९६० सालीच ज्युरीने सोडून दिलेलं, बोला! आपल्याकडे मात्र अश्लील कशाला म्हणायचं याची कसोटी १८६८ च्या एका इंग्लिश खटल्यातली लावली होती.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. चंद्रकांत काकोडकर, ज्यांच्या कादंबऱ्या लायब्ररीत चोवीस तास टिकायच्या नाहीत. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात येणाऱ्या बायका, असा मामला. पुण्यात तक्रार, खटला, खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टाने २५ रुपये दंड ठोठावला, मग सुप्रीम कोर्ट. १९६९ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सोडलं, पण सोडताना काय म्हटलं बघा, माझ्या शब्दांत सांगतो, ही काही फार उच्च दर्जाची साहित्यकृती नसेल, लेखकाचा कच्चेपणाही दिसत असेल, पण अश्लील नाही. म्हणजे निर्दोष सुटला आणि वर समीक्षाही झाली! मी काकोडकर असतो तर पेढे वाटावेत की नाही याचाच विचार करत बसलो असतो. आणि त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून निघालेला 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला, तोही सुपरहिट, घरचे सगळे मिळून बघायला गेले. एकाच लेखकाचं एक पुस्तक कोर्टात आणि दुसरं सहकुटुंब थिएटरात.

या दोन निकालांच्या बरोबर मधे, १९६५ मध्ये, 'वासूनाका' आलं.

बरं, आता आजच्या वाचकांकडे येऊ. आमच्या वाचनगटात हे पुस्तक घेतलं होतं आणि एका जुन्या वाचनालयातून प्रत आणली. पन्नास हातांतून गेलेली, बाइंडिंग नव्याने केलेली, तपकिरी कव्हर. उघडली तर कुणीतरी निळ्या बॉलपेनने शब्द खोडलेले. सरसकट नाही हं, निवडून. एका पानावर चार शब्द, पुढच्यावर एक, आणि इतकं दाबून खोडलेलं की मागच्या पानावर उठलंय. त्याच्या बाजूला पेन्सिलीत दुसऱ्याच अक्षरात, 'मग वाचता कशाला?' आणि त्याच्या खाली तिसऱ्याने, 'खोडलेले शब्द कृपया शेवटच्या पानावर लिहावेत'. मराठी वाचक असा आहे, लेखकाला पत्र टाकणार नाही पण लायब्ररीच्या पुस्तकात वाद घालेल. माझं लक्ष मात्र एका वेगळ्याच गोष्टीकडे गेलं, खोडणं शेवटच्या प्रकरणापर्यंत चालूच होतं. म्हणजे त्या गृहस्थांनी, किंवा बाईंनी, पुस्तक टाकून दिलं नाही, पूर्ण वाचलं!

गटात व्हायचं तेच झालं. एक रिटायर्ड बँकवाले काका म्हणाले, आम्ही असेच नाक्यावर उभे असायचो, शंभर टक्के खरं लिहिलंय. त्यांच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, हो ना, तुम्ही नाक्यावर उभे असायचात आणि आम्ही पलीकडच्या गल्लीतून वळसा घालून शाळेत जायचो, ते कुठे लिहिलंय यात? सगळे एकदम चूप. काका नंतर काहीतरी पुटपुटले की लेखकाला तेच दाखवायचं होतं वगैरे, पण काकूंनी काही दाद दिली नाही.

आणि मला विचाराल तर आत्तापर्यंत या पुस्तकाविरुद्ध मी ऐकलेला हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे. अत्र्यांचा राग वेगळा होता, तो संस्कृतीचा राग, पोरं बिघडतील, भाषा बाटेल. तो राग कालबाह्य झाला, आज वेब सिरीजमध्ये पोक्या सभ्य वाटेल. पण काकूंचा मुद्दा अजून ताजा आहे. पुस्तकातली प्रत्येक पोरगी आपल्याला नाक्यावरून दिसते, पोरांच्या डोळ्यांतून, आणि पोरांना जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. भाऊंचे चाहते, आणि मी त्यातलाच, लगेच म्हणतो की अहो तीच तर गंमत आहे, वाचताना पोक्याच्या तोंडून निसटणाऱ्या गोष्टींतून त्या मुलींचे हाल कळतात, पोरं हसतात आणि आपल्याला हसू येत नाही. हे खरं आहे, पण सगळ्या किस्स्यांत ते जमलेलं नाही. काही ठिकाणी लेखकही पोरांबरोबर हसतोय असंच वाटतं, आणि तिथे मी भाऊंची वकिली करणार नाही.

पण एक सांगतो, न वाचता शिव्या घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही आणि न वाचता 'बोल्ड, बोल्ड' म्हणून नाचणाऱ्यांशीही नाही. हे दुसरे जास्त वैताग देतात. त्यांना चार चावट ओळी पाहिजे असतात. त्या शोधायला 'वासूनाका' उघडलंत तर निराश व्हाल, कारण वासनेपेक्षा त्यात रिकामपण जास्त आहे. हाताला काम नाही, घरात झोपायला जागा नाही, म्हणून पोरं रस्त्यावर. मुंबईत खोली मिळवताना माणसाची कशी दमछाक होते त्यावर त्याच सुमारास भाऊंनी 'वैतागवाडी' लिहिली. त्यात कुणाला धक्का बसला नाही, म्हणून तिच्यावर भांडणही झालं नाही आणि तिचं नावही कमी जणांना माहिती. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की कळतं, खोली नसलेला माणूस इथेही तोच आहे, फक्त एकात तो खोलीसाठी वणवण करतोय आणि दुसऱ्यात नाक्यावर उभा आहे.

मग 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' आली, मग १९७५ ला 'राडा', तिच्यात तर राजकारणातल्या दादागिरीलाच हात घातलेला, म्हणजे हा माणूस भांडणाला घाबरून गप्प बसला नाही. १९९६ मध्ये भाऊ गेले.

तर ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी, आधी 'वैतागवाडी' घ्या, मग 'वासूनाका', आणि 'वासूनाका' एका बैठकीत वाचू नका, तीनेक प्रकरणांनंतर तेच ते वाटायला लागतं, रोज एक किस्सा बास. लायब्ररीतून आणणार असाल तर पेन लांब ठेवा. आणि वाचून झालं की कळवा, आवडलं तरी कळवा, डोकं फिरलं तरी कळवा, पुढच्या वेळी तुमची पत्रं वाचून दाखवीन, शिव्या असतील तर तेवढ्या मात्र मला गाळाव्या लागतील, रेडिओ आहे हा.